आकाशातल्या एकतीस पाट्या

देवाने माणसं दोन प्रकारची केली असावीत. एक पाट्या लावणारी आणि दुसरी त्या पाटीखाली उभं राहून बरोबर तिच्या उलट वागणारी. आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, हा तिसरा प्रकार आहे आणि त्यात ते एकटेच आहेत. पाटी वाचायची, खरी मानायची आणि तसंच वागायचं, असं करणारा दुसरा माणूस मी वसई-विरारच्या हद्दीत तरी पाहिलेला नाही. 'ढकला' लिहिलेलं दार ते ढकलतात. शेजारचा माणूस तेच दार ओढून आत निघून गेला तरी हे ढकलतच उभे. बागेत 'हिरवळीवर चालू नये' असेल, तर ती हिरवळ केव्हाच मरून तिथे नुसती माती उरली असली तरी भावजी कडेकडेने जाणार. एकदा आम्ही सगळे चिंचोटीच्या धबधब्यावर गेलो होतो. तिथे 'येथून पुढे जाऊ नये' अशी पाटी होती. आम्ही गेलो पुढे, सगळेच जात होते. भावजी मात्र सहल संपेपर्यंत त्या पाटीशी छत्री उघडून उभे, आणि एकेकाचं नाव घेऊन हाका मारताहेत. घरी येताना मी चिडून म्हटलं, "अहो, एवढं काय त्या पाटीचं?" तर म्हणाले, "वहिनी, कुणीतरी मान मोडून कोरलंय ते. उगाच का कोरेल?"

त्यांची मान मोडते म्हणून त्यांना कळतं. गेली पस्तीस वर्षं भावजी पाट्या कोरतात. वसई पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत त्यांचा छोटासा गाळा आहे. त्यात एक जुनं पँटोग्राफ मशीन आहे. त्याच्या एका टोकाची सुई पितळेच्या मोठ्या अक्षरावरून हाताने फिरवायची, की दुसऱ्या टोकाला तेच अक्षर बारीक होऊन कोरलं जातं. वरून काळं आणि आतून पांढरं असं दुपदरी प्लॅस्टिक असतं. काळा पदर निघाला की पांढरं अक्षर डोळे उघडतं. दाराच्या नावाच्या पाट्या, शाळेच्या ढाली, चर्चमधल्या बाकांवरच्या देणगीदारांच्या पट्ट्या, साहेबांच्या टेबलावरच्या त्रिकोणी पाट्या, सगळं करून झालं. शेजारच्या गाळ्यात आता लेझरचं मशीन आलंय, दोन मिनिटांत पाटी बाहेर. भावजी तिकडे बघतसुद्धा नाहीत. "तो अक्षर जाळतो," म्हणतात, "मी कोरतो."

घर तर त्यांनी पार बाटवून टाकलं आहे. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात, त्यामुळे हौस सगळी माझ्या स्वयंपाकघरावर. तांदूळ, तूरडाळ, साखर, पोहे, प्रत्येक डब्याला कोरीव पाटी. कुकरच्या वर भिंतीवर 'तीन शिट्ट्या'. माझ्या औषधांच्या डब्यावर 'जेवणानंतर, विसरू नये'. एकदा मीठ जास्त आणलं गेलं आणि डबा मोकळा दिसला म्हणून मी ते साखरेच्या डब्यात ओतलं. पाटी कशाला बदलायची, चार दिवसांचा तर प्रश्न. भावजींनी सकाळी आपला चहा करून घेतला, दोन चमचे घातले, प्यायले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "भावजी, तोंड असं का केलंय?" तर म्हणे, "माझी जीभ बिघडलीय वहिनी, डॉक्टरला दाखवायला पाहिजे." पाटी खोटी असेल, हे त्या माणसाच्या मनातच आलं नाही! मी हसून हसून खाली बसले. नंतर मात्र मला कसंसंच झालं.

आणि लिफ्ट! एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये 'सहा माणसे, ४०८ किलो' ही पाटी भावजींच्याच हातची. त्यामुळे लिफ्टमध्ये कुणी शिरलं की यांची बेरीज सुरू. दुसऱ्या मजल्यावरच्या अंगाने भरलेल्या काकूंना यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काकू, राग मानू नका, तुमचं किती?" काकू तेव्हापासून जिन्याने जातात आणि माझ्याशी बोलत नाहीत. बेरीज करताना स्वतःला मात्र ते नेहमी एकच आकडा धरतात. "माझे अठ्ठ्याहत्तर," असं ठणकावून सांगायचं आणि पुढच्याकडे वळायचं. हे अठ्ठ्याहत्तर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर अशा माणसाच्या गाळ्यावर एका दुपारी राजोडीकडचा एक इंजिनिअर आला. छोट्या खाजगी विमानांची देखभाल करणारा. त्याने रुमालातून प्लॅस्टिकचे काही तडकलेले तुकडे काढून टेबलावर मांडले. "अंकल, वीस दुकानं फिरलो. सगळे बोलतात स्टिकर लावा. विमानात स्टिकर कसा लावू? मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते तसंच पाहिजे. एक अक्षर इकडेतिकडे झालं तर मी सही नाही करणार." घाटावर एका धावपट्टीशेजारी एक जुनं, हाडकुळं चार आसनांचं विमान होतं. त्याचे मालक डोळ्यांचे डॉक्टर, विमान स्वतःच चालवायचे. आयुष्यभर दुसऱ्यांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावणारा हा माणूस, आणि त्याच्याच विमानातल्या पाट्या उन्हाने उडून वाचता येईनाशा झाल्या होत्या. पेट्रोलचा खटका कुठे वळवायचा, दिव्याचं बटण कुठलं, दार कसं लावायचं, वजन किती चालेल, सगळं मिळून एकतीस पाट्या. भावजींनी त्या तुकड्यांवर बटर पेपर ठेवला, पेन्सिल आडवी घासली, आणि उडून गेलेली अक्षरं हळूहळू कागदावर वर येऊ लागली. इंजिनिअर सांगतो, त्यानंतर अंकल अर्धा तास माझ्याशी बोललेच नाहीत.

बोलतील कसे? भावजी त्या क्षणी जे वर गेले ते खाली आलेच नाहीत. आमच्या डोक्यावरून मोठी विमानं दिवसभर जातात, त्यांच्याकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. "त्या बसगाड्या," म्हणायचे. आता संध्याकाळी गच्चीवर चटई टाकून उताणे पडायला लागले. बघायचे तेही विमानांकडे नाही, नुसत्या मोकळ्या आकाशाकडे. मी कपडे काढायला गेले की म्हणायचे, "वहिनी, वर ऊन वेगळं पडत असेल ना हो? खालून प्रकाश आला तर अक्षर कसं दिसेल? ढगात शिरलं की पांढरं पांढऱ्यात बुडेल का?" मी म्हणायची, "मला काय माहीत, मी काय घार आहे?" पण त्यांना उत्तर नकोच असायचं. हातात काहीच नसताना त्यांचं बोट हवेत अक्षरं फिरवत असायचं. आभाळाचा रंग उतरत जायचा, कुठून तरी चर्चची घंटा ऐकू यायची, आणि मी दोरीवरचे कपडे हातात धरून उगाचच उभी राहायची. खरं सांगते, त्या दिवसांत मलासुद्धा स्वयंपाकाला उशीर झाल्याचं वाईट वाटत नसे.

पाटी झाली की तपासायला माझ्याकडे. मी जन्मभर पाचवी-सहावीचे पेपर तपासले, त्यामुळे हे काम माझ्यावर आपसूक आलं. पण त्यांची रीत जगावेगळी. मॅन्युअलचा कागद माझ्या हातात, पाटी त्यांच्या, आणि वाचायचं शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे. सरळ वाचलं की डोळा लबाडी करतो म्हणे, नसलेलं अक्षरही दाखवतो. उलटं वाचलं की जे आहे तेच दिसतं. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसून इंग्रजी अक्षरं उलटी म्हणायचो आणि आमचे हे पेपरमागून म्हणायचे, "तुमचं मंत्रपठण झालं की मला चहा द्या." एकेक पाटी चार-चार वेळा केली. एखाद्या अक्षराचा काठ केसाएवढा खरखरीत लागला तरी बाद. सहा महिन्यांत त्या एकतीसच्या एकतीस पाट्या मला तोंडपाठ झाल्या, सुलट आणि उलट. त्यांतली शेवटची सगळ्यांत लहान होती, नकाशे ठेवायच्या कप्प्यावरची. तिच्यावर एकच शब्द, 'मॅप्स'.

काम संपत आलं तसा डॉक्टरांचा फोन आला. मोठा दिलदार माणूस. म्हणाले, "पाट्या बसल्या की पहिल्या उड्डाणाला तुम्ही माझ्याबरोबर यायचं. टाकी पूर्ण भरतो, समुद्रापर्यंत जाऊन येऊ." भावजी त्या दिवशी जेवले नाहीत. लाजल्यासारखे हसत होते. माझ्याशी एवढंच बोलले, "वहिनी, माझी अक्षरं वर कशी दिसतात ते एकदा बघायचंय. बाकी काही नको." साठीला आलेला हा माणूस. जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही. मग त्यांनी ताबडतोब बेरीज करून ठेवली. भरलेली टाकी, डॉक्टर, इंजिनिअर आणि 'माझे अठ्ठ्याहत्तर'. बेरीज वजनाच्या पाटीवरच्या आकड्याला अगदी टेकली, वर एक किलोसुद्धा नाही. इंजिनिअर का, तर डॉक्टरांची एक पद्धत होती. दुरुस्तीनंतर ज्याने सही केली त्याने पहिल्या उड्डाणाला शेजारी बसायचंच. भावजींना ही पद्धत फार आवडली होती. मला सोबतीला न्यायचं ठरलं, म्हणजे डबा घेऊन खाली बसायला.

आम्ही पहाटेच निघालो आणि आठच्या सुमाराला पोहोचलो. भावजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि डॉक्टरांसाठी सुकेळ्यांचं, आमच्याकडच्या वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं घेतलं होतं. पाट्या आदल्या दिवशी बसल्या होत्या. गेल्या गेल्या भावजी विमानात शिरले आणि एकेका पाटीवरून अंगठा फिरवत बसले. मध्येच खिशातला छोटा पेचकस काढून इंजिनिअरशी काहीतरी कुजबुजले, तो हसून म्हणाला, "त्याच्यावाचून विमानाचं काय अडत नाय अंकल, तुमची मर्जी." भावजींनी काहीतरी शर्टाच्या खिशात टाकलं. मी डब्याचं झाकण सांडलेल्या आमटीतून सोडवत होते, लक्ष दिलं नाही.

मग इंजिनिअरने सामान तोलायचा काटा आणला. नियमच आहे, सगळे उभे राहा. डॉक्टर उभे राहिले, तो स्वतः राहिला. भावजी चप्पल काढून, शर्ट सारखा करून, फोटो काढायचा असावा तसे उभे राहिले. काटा ब्याण्णववर थांबला.

ते खाली उतरले, पुन्हा चढले. ब्याण्णव. खिशातला पेचकस, किल्ल्या माझ्या हातात दिल्या. ब्याण्णव. अख्ख्या सोसायटीला वजन विचारत हिंडणाऱ्या माणसाने स्वतःचं वजन वीस वर्षांत केलंच नव्हतं! अठ्ठ्याहत्तर हा त्यांच्या ऐन उमेदीतला आकडा, तो त्यांनी एकदा मनात कोरला आणि मग तपासला नाही. चौदा किलो जास्त. मी तिथल्या तिथे मनात हिशोब केला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते चौदा किलो माझेच होते हो. माझ्या घावन्यांचे, नारळाच्या वड्यांचे, "अजून एक घ्या भावजी"चे.

डॉक्टर म्हणाले, "थोडं पेट्रोल काढू." पण तिथे भरायची सोय होती, काढून ठेवायची नव्हती, आणि धावपट्टी आम्हाला दहापर्यंतच मिळालेली. इंजिनिअर म्हणाला, "मी उतरतो ना अंकल." भावजी म्हणाले, "तुझी सही आहे. तू उतरायचं नाहीस." मग तो म्हणाला, "चौदा किलो म्हणजे काय हो, चालतंय. एवढं तर सगळे नेतात." डॉक्टरांचंही मन होत होतं, ते दिसत होतं. मी तर देवाला म्हणत होते, एकदा, फक्त एकदा या माणसाला पाटीच्या विरुद्ध वागू दे.

भावजी वाकून विमानाच्या आत बघत होते. वजनाची पाटी समोरच होती. ती त्यांनी पाच वेळा केली होती. "चालत असतं," ते हळूच म्हणाले, "तर मी कोरली कशाला?" आणि चप्पल घालून बाजूला झाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही छप्पन्न. तुम्ही बसा."

मी नाही नाही म्हणत राहिले. पण त्यांनी माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि मला सगळं समजावलं. वर चढताना एकदा, वळताना ऊन आत येईल तेव्हा एकदा, आणि उतरताना एकदा, प्रत्येक पाटी वाचायची. उलटी. कुठली बुडते, कुठली चमकते, लक्षात ठेवायचं. "आपलं कुणीतरी बघून यायला पाहिजे ना," म्हणाले. बसले मी.

आता वर काय झालं ते सांगते. चाकांची खडखड थांबली आणि एकदम असं झालं की कुणी मला उचलून कडेवर घेतलंय. शेतं खाली गेली, रस्ता दोऱ्यासारखा झाला. मग डोंगर आले, त्यांच्या सावल्या निळ्या होत्या आणि आमची इवलीशी सावली त्यांच्यावरून न अडखळता जात होती. इंजिनचा आवाज होता, तरी मला फार शांत वाटत होतं. डॉक्टरांनी बोट दाखवलं तिकडे धुरकट उजेडात एक चकचकीत रेघ होती, तो समुद्र. "तिकडे उजवीकडे तुमची वसई," म्हणाले. मला वसई दिसली नाही. मला दिसत होते खाली डबा धरून उभे असलेले भावजी, केव्हाचे मागे राहिलेले. डोळ्यांना जी धार लागली ती काही थांबेना. चढताना रडले, वळताना रडले, उतरताना नाक पुसत होते. एकतीस पाट्यांपैकी मी एकच वाचली, समोरची, वजनाची. ती मात्र डोळ्यांत पाणी असतानाही लख्ख दिसत होती.

उतरले तेव्हा भावजी जिथे सोडले तिथेच उभे होते. समुद्र दिसला का, भीती वाटली का, काही नाही. "वाचल्यात?" एवढंच विचारलं. त्या चेहऱ्याला मी काय सांगू, की नाही वाचल्या? सगळ्या तोंडपाठ होत्याच. मी धडाधड सांगत सुटले. पेट्रोलच्या खटक्याची अशी दिसते, दाराची तशी, वळताना दिव्याच्या बटणाची पाटी जरा चमकते पण वाचता येते. "आणि मॅप्सची?" त्यांनी विचारलं. "तिचं तर विचारूच नका," मी म्हटलं, "आरशासारखी स्वच्छ!" भावजी माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. मग डबा उघडला आणि आम्ही सगळ्यांनी विमानाच्या पंखाखाली बसून थंड झालेल्या पोळ्या खाल्ल्या.

त्यानंतर भावजींनी भात सोडला, वड्या सोडल्या. आठवड्यातून तीनदा राजोडीला समुद्रावर जाऊन वाळूतून चालायला लागले. मी न बोलता भाकरीवर लोणी कमी केलं. वर्षभरात ते खरोखर अठ्ठ्याहत्तरवर आले. काट्यावरून उतरून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर बराच वेळ बोलले. विमान चालवायच्या तपासणीत त्यांचीच नजर कमी भरली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांची! परवाना गेला आणि विमान दूर दक्षिणेकडे कुणाला तरी विकलं गेलं. भावजींनी फोन ठेवला, म्हणाले, "बरोबर आहे. नियम आहे." आणि चटई घेऊन गच्चीवर गेले.

तेव्हापासून त्यांनी एक नवीन सवय लावून घेतली. गच्चीवर मी कपडे काढायला गेले की पडल्या पडल्या विचारतात, "वहिनी, वळताना ऊन कुठून आलं होतं हो?" मी सांगते. दर वेळी थोडं जास्त सांगते. ढग नव्हता तिथे ढग घालते, समुद्र जवळ आणते, एकदा तर त्यांना वसईचा किल्लाही दाखवला. आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "मॅप्सची पाटी कशी दिसत होती?" एवढ्या पाट्यांत हीच का, हे मला कधी कळलं नाही.

मागच्या महिन्यात त्यांचं कपाट आवरत होते. त्या दिवशीचा इस्त्रीचा शर्ट आता त्यांना ढगळ होतो, म्हणून द्यायच्या कपड्यांत टाकण्याआधी मी खिसा चाचपला. आत बटर पेपरची पुडी. भावजींची पुडी, म्हणजे वर चिठ्ठी असणारच. ठाशीव अक्षरात लिहिलं होतं : 'मॅप्स. काठ खरखरीत. उड्डाणापूर्वी काढून घेतली. पुन्हा करणे.'

पुडीत ती बोटाएवढी पाटी. विमानात नव्हतीच ती. मी वर असताना ती खाली त्यांच्या खिशात होती, आणि मी तोंड वर करून सांगत होते, आरशासारखी स्वच्छ! म्हणजे त्यांना पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं की मी पाट्या वाचलेल्या नाहीत. साखरेच्या डब्यातलं मीठ तीन दिवस मुकाट पिणारा हा माणूस, यावेळी त्याला चव बरोबर कळली होती. मी पलंगावर बसले आणि लाज वाटून एकटीच रडले, मग हसले. पुडी होती तशी खिशात ठेवली आणि शर्ट परत कपाटात अडकवला.

संध्याकाळी गच्चीवर गेले. भावजी चटईवर पडले होते. वरचा रंग उतरायला लागला होता. समुद्राकडून वारा येत होता. मी दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या, पण खाली गेले नाही. चटईच्या कडेला बसले.

"वहिनी," ते आकाशाकडे बघतच म्हणाले, "मॅप्सची पाटी कशी दिसत होती हो?"

"स्वच्छ," मी म्हटलं. "ढगात शिरल्यावर तर जास्तच."

"काठ?"

"मऊ. अंगठा फिरवून पाहिला ना मी."

भावजींनी डोळे मिटले आणि समाधानाने मान हलवली. "मग आता पुन्हा करायला नको," म्हणाले.